वरीलप्रमाणे

उणे एकतीसला पेनातली शाई गोठते,
म्हणून ऑफिसने आम्हाला पेन्सिली दिल्या.
सहा पेन्सिली, चिमट्याची एक पाटी,
आणि बस जिथून तोंड फिरवून परत जाते
त्या शेवटच्या थांब्यावर उभं राहायचा हुकूम.

उलानबातरच्या उत्तरेची टेकडी.
गोल तंबू, फळ्यांची कुंपणं,
कोळशाचा धूर इतका खाली
की माणसं आधी ऐकू येतात, मग दिसतात.

वाट पाहणं हेच माझं काम.
शब्दशः. वाट, आणि तिच्यावरून कोण गेलं ते.
कुठून, कुठे, कशासाठी.
कशासाठीला चार रकाने:
नोकरी, शाळा, खरेदी, इतर.

पावणेसातला तेमूलेन आला, वय नऊ,
ढकलगाडीवर पाण्याचे दोन कॅन.
कुठून निघालास?
घरून.
कुठे चाललास?
घरी.
मध्ये पाण्याची टपरी आहे, हे त्याला सांगण्यासारखं वाटलं नाही.
दिवसातून किती खेपा?
आई कपडे धुणार असेल तर चार.

बातझोरिग साहेब फोनवर म्हणाले,
चारशे मीटरच्या आत असेल तर तो प्रवास धरायचा नाही.
नकाशावर तीनशे पंच्याऐंशी भरतं.
नकाशावर भरतं, साहेब.
सरळ वाटेवर सांडलेल्या पाण्याचा बर्फ आहे,
कित्येक हिवाळ्यांचा, काचेसारखा.
पोरगं कुत्र्यांच्या गल्लीतून वळसा घालतं.
मी पावलं मोजली, मग त्याच्या मागून पुन्हा मोजली.
सहाशे वीस.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, इतरमध्ये टाक.

सातच्या बसला एक मुलगी बॅग घेऊन चढली.
तिच्या आईने लाकडी चमच्याने
बसच्या मागे दूध शिंपडलं,
एकदा, दोनदा, पोरीची वाट पांढरी व्हावी म्हणून.
एक थेंब माझ्या तक्त्यावर पडला आणि तिथेच गोठला.
तो कुठल्या रकान्यात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ओयूनगेरेल तिसऱ्या दिवशी भेटली.
हॉटेलच्या धुलाईखान्यात काम, दुपारची पाळी.
मी भराभर लिहीत होते:
जाताना बस, एक बदल, पन्नास मिनिटं.
परतीच्या ओळीत छापलेलंच असतं, वरीलप्रमाणे,
आपण फक्त खूण करायची.
तिने हातमोजा माझ्या पेन्सिलीवर ठेवला.
वरीलप्रमाणे नाही, म्हणाली.
पाळी सुटते दहाला.
शेवटची बस खालून निघते नऊ पन्नासला.
उतरताना बस, चढताना पाय.
किती वेळ लागतो?
बूट कसे आहेत त्यावर.

त्या रात्री मी ऑफिसात बसून
जुने तक्ते काढले, चार वर्षांचे गठ्ठे.
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.
सगळं शहर जसं गेलं तसंच परत आलेलं,
टेकडी चढताना कुणाला धाप म्हणून लागलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी खूण करणं सोडलं.
विचारायला लागले, आणि परत कशा येता?
लोक थांबायचे. हसायचे.
एकाने टोपी काढून डोकं खाजवलं,
हे कधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणाला.

अहवाल निघाला बर्फ वितळल्यावर.
तेमूलेनचे सहाशे वीस मीटर
त्यात एका तळटीपेत आहेत, बारीक टायपात.
टपरी जिथे होती तिथेच आहे.
शेवटची बस मात्र आता दहा वीसला सुटते,
प्रायोगिक तत्त्वावर, आठवड्यातून चार दिवस.

पहिल्या रात्री मीही बसले त्या बसमध्ये.
ओयूनगेरेल खिडकीला डोकं टेकून झोपली होती,
टेकडीचा चढ लागला तरी जागी झाली नाही.
मी मोजले: अकरा जण.
माझ्या तक्त्यात चौदा होते.
उरलेले तिघं कुठून, कसे चढतात
ते पाहायला उद्या खालच्या चौकात उभी राहणार आहे.
पेन आता चालतं.
पण पेन्सिलच बरी, खोडता येते.